'यूए १३+' पाहून तिकीट काढावे का? चित्रपटाचे वयप्रमाणपत्र वाचण्याची पद्धत

चित्रगृहातील दिवे मालवले जातात आणि मुख्य चित्रपट सुरू होण्याआधी काही क्षण पडद्यावर एक प्रमाणपत्र झळकते. चित्रपटाचे नाव, भाषा, लांबी, प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक, तो तपासणाऱ्या समितीतील सदस्यांची नावे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चित्रपटाचा वर्ग, एवढी माहिती त्यावर असते. मात्र तिकिटे काढून मुलांना खुर्चीत बसवल्यावर ही माहिती वाचण्याचा फारसा उपयोग होत नाही. ती आधी वाचायची कशी, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा आणि ती जिथे अपुरी पडते तिथे काय करायचे, हे पालकांना, नातवंडांना घेऊन जाणाऱ्या आजी-आजोबांना आणि शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांना कळावे, यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकाला दाखवता येईल, या प्रश्नाचे उत्तर प्रमाणपत्र देते. आपल्या घरातील विशिष्ट मुलाला तो चित्रपट झेपेल का, या प्रश्नाचे उत्तर ते देत नाही आणि देऊही शकत नाही. हे दुसरे उत्तर पालकांनीच शोधायचे असते, आणि २०२३ मध्ये झालेल्या कायद्यातील दुरुस्तीने ती जबाबदारी पूर्वीपेक्षा अधिक उघडपणे पालकांवर सोपवली आहे.

प्रमाणपत्र देणारी संस्था

भारतात चित्रपटांच्या तपासणीचा कायदा १९१८ मध्ये झाला आणि १९२० पासून मुंबई, मद्रास, कलकत्ता व रंगून येथे मंडळे काम करू लागली. आजची व्यवस्था १९५२ च्या चलच्चित्र कायद्यावर उभी आहे. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, ज्याला आपण सर्रास सेन्सॉर बोर्ड म्हणतो, त्याचे मुख्यालय मुंबईत असून देशभरात नऊ प्रादेशिक कार्यालये आहेत. चित्रगृहात जाहीरपणे दाखवायच्या प्रत्येक चित्रपटाला या मंडळाचे प्रमाणपत्र लागते, मग तो मराठी असो, हिंदी असो किंवा परदेशातून आलेला असो. ट्रेलरलाही स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे लागते. एखादा परभाषक चित्रपट मराठीत वा हिंदीत डब केला, तर त्या आवृत्तीचेही प्रमाणपत्र वेगळे असते.

याला एक मोठा अपवाद चित्रपट महोत्सवांचा आहे. गोव्यातील इफ्फी किंवा पुण्यातील पिफ अशा महोत्सवांत दाखवल्या जाणाऱ्या अनेक चित्रपटांना केंद्र सरकारकडून प्रमाणपत्रातून सूट मिळते आणि ते नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरते दाखवले जातात. त्यामुळे महोत्सवाच्या वेळापत्रकात एखाद्या चित्रपटापुढे वर्ग दिसला नाही, तर तो सर्वांसाठी असल्याचा समज करून घेऊ नये. प्रतिनिधी म्हणून नोंदणी करतानाच बहुतेक ठिकाणी अठरा वर्षे पूर्ण असण्याची अट असते.

वर्गांचा अर्थ

'यू' म्हणजे सर्वांसाठी खुला चित्रपट. असे प्रमाणपत्र देताना तो चित्रपट कुटुंबातील सर्वांना, मुलांसह, एकत्र बसून पाहता येईल अशी खात्री करून घ्यावी, असे केंद्र सरकारने १९९१ मध्ये जारी केलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तरीही 'यू' म्हणजे बालचित्रपट नव्हे. दोन निवृत्त भावांच्या जमिनीच्या वादावरचा संथ चित्रपटही 'यू' असू शकतो. तो सहा वर्षांच्या मुलाला अपाय करणार नाही, परंतु त्याला दोन तास खुर्चीत बसवून ठेवणे ही शिक्षाच ठरेल.

'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठी, अर्थात अठरा वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी. 'एस' हा वर्ग डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा विशिष्ट व्यवसायातील किंवा विशिष्ट गटातील व्यक्तींपुरता असतो आणि सर्वसामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला तो जवळजवळ येतच नाही.

गोंधळ होतो तो मधल्या वर्गाविषयी. १९८३ मध्ये 'यूए' हा वर्ग सुरू झाला, तेव्हा त्याचा अर्थ असा होता की चित्रपट सर्वांना खुला आहे, मात्र बारा वर्षांखालील मुलांना तो पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवावा. चार दशके ही एकच पेटी होती. एखाद्या पौराणिक कथेतील युद्ध, महाविद्यालयीन प्रेमकथा आणि खुनाच्या तपासाचा अंगावर येणारा थरार हे सगळे एकाच शिक्क्याखाली येत असे आणि पालकाच्या हाती त्यातून काहीच लागत नसे. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये या वर्गाचे वयानुसार भाग करण्याची शिफारस केली. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए ७+', 'यूए १३+' आणि 'यूए १६+' असे तीन भाग कायद्यात आणले, आणि मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनंतर असे शिक्के चित्रपटांवर दिसू लागले.

म्हणून वर्ग वाचताना प्रमाणपत्राचे वर्षही पाहावे. जुना चित्रपट पुन्हा प्रदर्शित होतो किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमात दाखवला जातो, तेव्हा त्यावर नुसते 'यूए' असेल तर ते जुन्या पद्धतीचे आहे. ते आजच्या 'यूए ७+' इतके सौम्य असेल किंवा 'यूए १६+' इतके तीव्र असेल, हे त्या दोन अक्षरांवरून कळत नाही. अशा वेळी वर्ग बाजूला ठेवून चित्रपटाची माहिती वेगळी मिळवणे हाच मार्ग उरतो.

आकड्याचे कायदेशीर वजन किती?

हा मुद्दा अनेकांना ठाऊक नसतो आणि त्यावरून तिकीट खिडकीपाशी वाद होतात. 'यूए' पुढचा आकडा ही पालकांसाठी सूचना आहे. कायद्यानुसार तो पाळायचा की नाही हे पालकांनी किंवा कायदेशीर पालकत्व असलेल्या व्यक्तीने ठरवायचे आहे. इतर कोणी तो सक्तीने लागू करायचा नाही. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला तिच्या आईने 'यूए १३+' चित्रपटाला नेले, तर त्यात कायद्याचा भंग नाही. आईने जाणीवपूर्वक घेतलेला तो निर्णय आहे.

'ए' ची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. तेथे पालक सोबत असल्याने काहीही फरक पडत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला त्याचे वडील स्वतः घेऊन आले, लेखी संमती देतो म्हणाले, तरी चित्रगृहाने त्याला आत सोडणे बेकायदेशीर ठरते. दारावरचा कर्मचारी वयाचा पुरावा मागतो तेव्हा तो अडवणूक करत नसतो. चित्रगृहावर असलेली कायदेशीर जबाबदारी तो पार पाडत असतो, आणि त्याच्याशी हुज्जत घालणाऱ्या पालकांनी हे समजून घेतले पाहिजे असे मला मनापासून वाटते. मुलासमोर आपण एखादा नियम कसा पाळतो, हेही मूल पाहतच असते.

वर्ग कसा ठरतो, आणि कात्रीचा त्याच्याशी काय संबंध

निर्मात्याने अर्ज केल्यानंतर परीक्षण समिती चित्रपट पाहते. पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी सल्लागार सदस्य आणि मंडळाचा परीक्षण अधिकारी मिळून पाच जणांची समिती बसते, आणि तीत महिला सदस्य असणे आवश्यक असते. चित्रपट संपल्यावर प्रत्येक सदस्य आपले मत लेखी नोंदवतो. चित्रपटाचा विचार तुकड्या-तुकड्याने न करता त्याच्या एकूण परिणामाच्या दृष्टीने करावा, आणि त्यात दाखवलेला काळ व समाजाचे आजचे मापदंड लक्षात घ्यावेत, असे मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. फुलनदेवीच्या जीवनावरील चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हाच दृष्टिकोन उचलून धरला. अत्याचाराचे दृश्य प्रेक्षकाच्या मनात अत्याचाऱ्याविषयी घृणा निर्माण करण्यासाठी असेल, तर केवळ ते विदारक आहे म्हणून प्रौढ प्रेक्षकापासून लपवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता आणि चित्रपटाचे 'ए' प्रमाणपत्र कायम राहिले.

समितीचा निर्णय निर्मात्याला मान्य नसेल तर चित्रपट पुनर्परीक्षण समितीकडे जातो आणि तिच्यात पहिल्या समितीतील सदस्य नसतात. त्यापुढे पूर्वी एक अपील न्यायाधिकरण होते. ते २०२१ मध्ये रद्द झाले, आणि आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते.

प्रेक्षकाच्या दृष्टीने यात सर्वाधिक महत्त्वाची गोष्ट आहे ती वाटाघाटीची. 'ए' प्रमाणपत्र मिळाले की चित्रपटाचा कौटुंबिक प्रेक्षक तुटतो आणि त्या स्वरूपात तो दूरचित्रवाणीवरही दाखवता येत नाही, त्यामुळे निर्मात्याचे उत्पन्न घटते. साहजिकच अनेक निर्माते खालचा वर्ग मिळावा म्हणून काही बदल मान्य करतात. एखाद्या खुनाच्या दृश्यातील रक्त कमी केले जाते, एखादी शिवी निःशब्द होते, एखादे चुंबन अर्ध्यावर येते. या बदलांनंतर मिळालेला 'यूए १६+' हा शिक्का नियमाला धरूनच असतो. परंतु कापले जाते ते दृश्य. विषय तसाच राहतो. कौटुंबिक हिंसाचार, आत्महत्या, लहान मुलाचे अपहरण किंवा बलात्कारानंतरचा खटला हे कथेचे सूत्र असेल, तर काही सेकंदांच्या कात्रीने त्याचा मुलाच्या मनावर होणारा भार हलका होत नाही. उलट कधी कधी न दाखवलेल्या गोष्टीची मूल स्वतः कल्पना करू लागते आणि अधिक घाबरते. म्हणूनच पालकांनी चित्रपटात काय दिसते याआधी तो कशाविषयी आहे, हे विचारावे.

तिकीट काढण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे वर्ग शोधणे. 'यूए', 'ए' किंवा 'एस' प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाच्या जाहिरातीत तसा उल्लेख करणे बंधनकारक आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात, चित्रगृहाबाहेरचे पोस्टर आणि तिकीट विक्रीचे ॲप या तिन्ही ठिकाणी तो दिसायला हवा. ॲपवर चित्रपटाच्या नावाखाली भाषा आणि लांबी यांच्या शेजारी तो बारीक अक्षरांत असतो. इंटरनेटवरील टीझर पाहून वर्गाचा अंदाज बांधू नये. तो टीझर मंडळाने तपासलेला नसतो, आणि त्यात चित्रपटातून वगळलेली दृश्ये असू शकतात, किंवा त्याउलट सर्वांत जड भाग मुद्दाम झाकलेलाही असू शकतो.

दुसरे काम त्या वर्गामागचे कारण शोधण्याचे आहे. चित्रगृहातील शिक्क्यावरून वय कळते, पण ते वय हिंसेमुळे ठरले, भाषेमुळे, भीतीमुळे की लैंगिक आशयामुळे, हे सहसा कळत नाही. दोन 'यूए १३+' चित्रपट एकमेकांपासून पूर्ण वेगळे असू शकतात. एकात सततची मारामारी असेल तर दुसऱ्यात एकही ठोसा नसेल, पण आईच्या मृत्यूचा दीर्घ आणि खरा वाटणारा प्रसंग असेल. पहिल्या आठवड्यातील परीक्षणे वाचावीत, पण त्यातील तारे मोजू नयेत. कथासूत्र सांगणारे परिच्छेद वाचावेत. शक्य असेल तर चित्रपट पाहिलेल्या ओळखीच्या माणसाला नेमके प्रश्न विचारावेत: लहान मुलाला इजा होते का, एखादा प्राणी मरतो का, अचानक दचकवणारे प्रसंग आहेत का, घरातील भांडणे कितपत तीव्र आहेत. 'मुलांना चालेल का' असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघमच मिळते.

तिसरे काम आपल्या मुलाकडे पाहण्याचे. वयाचा आकडा हा सरासरी मुलाला समोर ठेवून दिलेला असतो. ज्या मुलाने नुकतेच घरातील कोणाचे निधन अनुभवले आहे, जे अंधाराला घाबरते, ज्याला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, त्याच्यासाठी तो आकडा दोन-तीन वर्षांनी वर सरकवावा. घरात मोठे भावंड असेल तर धाकट्याच्या वयाप्रमाणे चित्रपट निवडावा. मोठ्याच्या वयाचा चित्रपट निवडून धाकट्याला 'डोळे मिट' सांगण्याने काही साधत नाही, कारण आवाज ऐकू येतच राहतो.

शाळांना विशेष विनंती करावीशी वाटते. 'यूए' चित्रपटाविषयीचा निर्णय कायद्याने पालकांचा आहे, शिक्षकांचा नाही. म्हणून इयत्ता सहावीच्या वर्गाला 'यूए १३+' चित्रपट दाखवायचा असेल, तर चित्रपटाचे नाव, वर्ग आणि कथेचा दोन ओळींचा आशय लिहून पालकांची संमती घ्यावी. नुसती 'चित्रपट दाखवण्यास हरकत नाही' अशी चिठ्ठी पुरेशी नाही. ज्यांची संमती नाही त्या मुलांना वेगळे पडल्यासारखे वाटणार नाही अशी व्यवस्थाही आधीच करावी.

दारावर

'ए' चित्रपटाला जाणाऱ्या तरुणांनी जन्मतारीख असलेले ओळखपत्र सोबत ठेवावे. आधार कार्ड किंवा वाहन परवाना चालतो. महाविद्यालयाच्या अनेक ओळखपत्रांवर जन्मतारीख नसते, म्हणून त्यावर विसंबू नये. खेळाच्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेली असावीत. ऑनलाइन तिकीट काढताना वयाची अट मान्य केल्याची खूण आपण केलेली असते, त्यामुळे दारावरून परत फिरावे लागले तर पैसे परत मिळतीलच असे धरून चालू नये. मुलांचा गट पालकांविना 'यूए १६+' चित्रपटाला जाणार असेल, तर चित्रगृहाचा स्वतःचा काही नियम आहे का, हे आधी दूरध्वनीवरून विचारून घेतलेले बरे.

आत गेल्यावर चित्रपट मुलाला सोसत नाही असे दिसले, तर उठून बाहेर यावे. तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी रडणाऱ्या मुलाला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवणारे पालक दिसतात, तेव्हा वाईट वाटते.

घरच्या पडद्यावर

घरी आल्यावर नियम बदलतात, आणि येथेच सर्वाधिक फसगत होते. दूरचित्रवाणीवर 'ए' चित्रपट दाखवण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या सुमारास एका जनहित याचिकेवर कठोर भूमिका घेतली, आणि केबल दूरचित्रवाणीचे नियमही अशा चित्रपटाला मज्जाव करतात. म्हणून 'ए' चित्रपट वाहिनीवर आणायचा असेल तर त्यात बदल करून नव्याने प्रमाणपत्र घ्यावे लागते. वाहिनीवर पाहिलेला चित्रपट ही चित्रगृहातील आवृत्ती असेलच असे नाही.

ओटीटीवर मात्र मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तेथे प्रकाशक स्वतःच वर्ग ठरवतो: 'यू', 'यूए ७+', 'यूए १३+', 'यूए १६+' आणि 'ए'. नावे चित्रगृहासारखीच आहेत, पण ठरवणारा वेगळा आहे. म्हणून वाहिनीवर सौम्य रूपात पाहिलेला चित्रपट ओटीटीवर न कापलेल्या रूपात आणि वरच्या वर्गात असू शकतो. 'हा आपण टीव्हीवर पाहिलाय' म्हणून मुलांच्या हाती रिमोट देण्यापूर्वी हे आठवावे.

ओटीटीची एक बाजू चित्रगृहापेक्षा सरस आहे. हिंसा, भाषा, अमली पदार्थ, नग्नता, भीती असे वर्गामागचे कारण सुरुवातीलाच दाखवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. पडद्याच्या कोपऱ्यात काही सेकंद दिसणारी ती ओळ वाचण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी. 'यूए १३+' आणि त्यावरील आशयाला पालकांचे कुलूप उपलब्ध करून देणे, तसेच 'ए' आशयासाठी वयाची खातरजमा करणे, हेही नियमांत आहे. परंतु कुलूप आपोआप लागत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन मुलाचे स्वतंत्र प्रोफाइल करावे, त्याची वयोमर्यादा निवडावी आणि प्रौढांच्या प्रोफाइलला चार अंकी पिन लावावा. पिन म्हणून घराचा क्रमांक किंवा कोणाचे जन्मवर्ष ठेवू नये. मुलांना ते सर्वांआधी सुचते. मोबाइल, टीव्ही आणि टॅबलेट या प्रत्येक उपकरणावर ते प्रोफाइल उघडून एकदा तपासावे.

परदेशातील मराठी कुटुंबांसाठी

ब्रिटनमध्ये आपला वर्ग चालत नाही; तेथील मंडळ यू, पीजी, १२ए, १५ आणि १८ असे वर्ग देते. १२ए चित्रपटाला बारा वर्षांखालील मूल प्रौढासोबतच जाऊ शकते, तर १५ आणि १८ या वर्गांत पालक सोबत असूनही लहान मुलाला प्रवेश मिळत नाही. आपल्याकडे 'यूए १६+' चित्रपटाला पालकांसोबत जाता येत असले, तरी त्याच चित्रपटाला तेथे १५ वर्ग मिळाला तर चौदा वर्षांच्या मुलाला दारावरून परतावे लागेल. सुट्टीत भारतातून गेलेल्या नातेवाइकांना हे ठाऊक नसते, म्हणून आधीच सांगून ठेवावे. अमेरिकेतील व्यवस्था १९६८ पासूनची असून ती ऐच्छिक आहे. तेथे 'आर' वर्गाच्या चित्रपटाला सतरा वर्षांखालील मूल पालकांसोबत जाऊ शकते. अनेक भारतीय चित्रपट तेथे कोणताही वर्ग न घेताच प्रदर्शित होतात, त्यामुळे अशा वेळी भारतातील प्रमाणपत्र पाहणेच उपयोगी पडते.

तक्रार करायची झाल्यास

'ए' चित्रपटाला मुलांना सोडले जात असेल तर प्रथम चित्रगृहाच्या व्यवस्थापकाला सांगावे, तिकिटावरील खेळाची वेळ व पडद्याचा क्रमांक नोंदवून ठेवावा आणि दखल घेतली गेली नाही तर पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. ओटीटीवरील वर्ग चुकीचा वाटला तर त्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. त्याने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि समाधान झाले नाही तर त्यावरील स्वयंनियमन संस्थेकडे अपील करता येते. वाहिन्यांसाठीही २०२१ पासून अशीच उतरंड आहे. तक्रारीत 'अश्लील आहे', 'संस्कृतीला धरून नाही' असे शेरे मारण्याऐवजी भागाचे नाव, दृश्य सुरू होण्याची मिनिटे-सेकंदांतील वेळ, दाखवलेला वर्ग आणि आपल्या मते योग्य असलेला वर्ग लिहावा, व पडद्यावरील वर्गाचे छायाचित्र सोबत जोडावे.